आतली माणसं

आमच्या लातूरच्या क्लासमध्ये पोरं एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" माझं डोकं फिरतं. अरे बाबा, तुझ्या टाचेत काटा मोडताना तो काय अभ्यासक्रम बघून मोडणार आहे का? पण सुजेचा धडा निघाला की दरवर्षी मागच्या बाकावरची एखादी पोर हात वर करते. "मॅडम, पण पांढऱ्या पेशीला कळतं कसं, कुठं जायचं ते?" तिचं मला इतकं कौतुक वाटतं की मी तिच्यावरच खेकसते, "आता सुचलं होय? बस खाली, सांगते."

मग मी फळ्यावर दोन समांतर रेघा ओढते. ही रक्तवाहिनी. बाहेर एक काटा काढते. काट्यानं दुखावलेल्या पेशी आपल्यातून रसायनं सोडतात, आजूबाजूला पहाऱ्यावर असलेल्या पेशीही सोडतात. "मिस कॉल समजा," मी म्हणते. "पलीकडून कुणी बोलत नाही. पण कुठून आला ते कळतं, आणि कळलं की बास." रक्तासोबत धावत निघालेली पांढरी पेशी त्या जागी आली की भिंतीला घासत हळू होते, चिकटते, आणि भिंतीतल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. तिला ना डोळे, ना कान. अंगाच्या पुढच्या बाजूला रसायन जास्त लागतंय की मागच्या, एवढाच फरक तिला कळतो. जिकडं दाट, तिकडं ती सरकते. जाते, जंतू गिळते आणि बहुतेक वेळा तिथंच मरते. मेलेल्यांचा पू होतो. इथं पोरं "ईऽऽ" करतात आणि मी डस्टर आपटते.

मिस कॉलचा हा दाखला माझ्या डोक्यातला नाही. तो मला अप्पांमुळे सुचला.

अप्पा म्हणजे माझे वडील. देगलूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, गळवं फोडायची, हीच त्यांची सगळी नोकरी. शिक्षण सातवी. डॉक्टर बदलून जायचे, नवे यायचे, मधले कित्येक महिने कुणीच नसायचं. अप्पा मात्र किडनी ट्रे आणि चिमटा घेऊन तिथंच. मराठी, तेलुगू, कानडी, हिंदी, ज्याची जखम ज्या भाषेत ओरडेल त्या भाषेत ते त्याला गप्प करायचे. मी शाळा सुटली की त्यांच्या टेबलापाशी दप्तर टाकून बसायची. स्पिरिटचा वास आला की मला आजही भूक लागते. कारण तिथंच बसून मी भाकरी खायची.

कुणी ठणकतंय म्हणून बोंब मारली की अप्पा म्हणायचे, "ठणकायलंय नव्हं? मंग रडायलास कामून? आतली माणसं कामाला लागली म्हंजी ठणकतंच." लाल झालंय, गरम लागतंय, सुजलंय, दुखतंय, ही चार लक्षणं ते बोटांवर मोजायचे आणि चारही असली की खूश व्हायचे. पू निघाला तर आणखी खूश. "लई माणसं खपली बघ तुझ्यासाठी," असं म्हणून ते कापसानं तो पू इतक्या मायेनं टिपायचे की मला लहानपणी वाटायचं, आता ह्या पुवाला नमस्कार करायला लावतात की काय.

पाचवीत असताना मराठीच्या पेपरात शब्दाचा अर्थ आला होता, अवधान. मी बेधडक लिहिलं, 'पायाला लागल्यावर जांघेत येते ती गाठ.' आमच्याकडं तसंच म्हणतात. पायाला जखम झाली की जांघेत, हाताला झाली की काखेत गाठ येते, तिला अवधान आलं म्हणतात. गुरुजींनी लाल रेघ मारली आणि भर वर्गात वाचून दाखवलं. अर्थ होता 'लक्ष'. पोरं खो खो हसली, मी रडत दवाखान्यात. अप्पांनी पेपर बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चूक न्हाई, माय. अंगाचं लक्ष तिकडं गेलं म्हणूनच गाठ येती. गुरुजीला म्हणावं, दोन्ही एकच हाय." मी गुरुजींना काही म्हटलं नाही. मार कोण खाणार?

ते मला 'माय'च म्हणायचे. मी एकुलती एक. आई माझ्या कॉलेजच्या वर्षांत गेली, तेव्हापासून तर त्यांच्या तोंडून माझं नाव मी ऐकलंच नाही.

लातूरला नोकरीला आले तेव्हा फोन महाग होता. अप्पा एक घंटी देऊन कट करायचे, मग मी करायची. पुढं फोन जवळजवळ फुकट झाले, तरी अप्पांची एक घंटी काही सुटली नाही. मी चिडायची. "अप्पा, आता पैसे पडत नाहीत हो! सरळ बोला ना." ते म्हणायचे, "तू शिकवायलीस का जेवायलीस, मला काय मालूम? मी कामून मधी घुसू? घंटी दिली. तुला सवड आसंल तवा तू कर." एक घंटी. दुसरी कधी नाही. आणि मी, खोटं कशाला बोलू, कधी लगेच करायची, कधी संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी.

ते निवृत्त होऊन गावीच राहिले होते. ओट्यावर बसून लोकांच्या पट्ट्या बांधायचे. हात थरथरायला लागले, वजन उतरलं, म्हणून मीच त्यांना नांदेडला डॉक्टरांना दाखवलं. थायरॉइड निघालं. गोळ्या सुरू झाल्या, थरथर कमी झाली, मी बिनघोर झाले. गोळ्या घेताना ताप आला किंवा घसा धरला तर लगेच रक्त तपासा, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलावणं सोपं असतं.

महिना-दीड महिन्यांनी एका दुपारी अप्पांची घंटी आली. दोन तासांच्या मधे पाच मिनिटं होती, हातात खडू तसाच. व्हरांड्यात जाऊन मी फोन केला.

"काटा मोडला हुता टाचंत," अप्पा म्हणाले. "काढला मी. चार दिस झाले."

"मग? सुजलंय का?"

"न्हाई. सूज लई न्हाई. पू तर न्हाईच. अवधानबी न्हाई आलं."

"मग बरंय की अप्पा! स्वच्छ आहे जखम. एवढ्यासाठी घाबरलात होय?"

ते म्हणाले, "हाव. बरंय म्हणायचं." मी विचारलं, आवाज का असा येतोय. म्हणाले, "घसा धरलाय जरा." मी म्हटलं, गरम पाणी प्या. आणि घंटा झाली म्हणून आत गेले. आत जाऊन मी कोणता धडा शिकवला असेल? तोच. दोन रेघा, बाहेर काटा, मिस कॉल, पांढरी पेशी निघाली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्या पायाखाली होता आणि मी वर उभी राहून पोरांना उजेड दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी आली. मी चहा टाकत होते, म्हटलं गाळून झाला की करते. आणि चहा गाळता गाळता दुसरी घंटी आली.

आयुष्यात पहिल्यांदा. चहा अर्धा ओट्यावर सांडला. मी फोन लावला तर अप्पा म्हणाले, "माय, आतली माणसं आली न्हाईत गं."

एवढंच. त्यांचा आवाज तापानं जड झाला होता, पण मला ऐकू आलं ते त्या आवाजातलं भय. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जखमा बघितलेला माणूस स्वतःच्या टाचेकडं बघून घाबरला होता. जखम कोरडी, फिकी, आणि ताप फणफणलेला. सूज नाही, पू नाही, म्हणजे बरं नाही. म्हणजे हाक गेलीय आणि निघायला घरात माणूसच नाही. सातवी शिकलेल्या ड्रेसरला हे कालच कळलं होतं आणि ते त्यानं मला शब्दानं सांगितलं होतं. अवधान न्हाई आलं. मी काय म्हटलं? बरंय की.

गाडी करून उदगीरमार्गे मी त्यांना लातूरला आणलं. रक्ताचा रिपोर्ट आला. जंतूंच्या अंगावर सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्या जवळपास संपल्या होत्या. गोळ्यांचा दुष्परिणाम, हजारात एखाद्याला होतो तसला. डॉक्टर समजूतदार होते, मला काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. गोळ्या बंद केल्या, शिरेतून औषधं सुरू केली, हाडांच्या मगजाला जाग यावी म्हणून रोज एक इंजेक्शन. "आता पेशी परत येईपर्यंत वाट बघायची," ते म्हणाले. "जंतूंनी तोवर थांबायला पाहिजे." त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं, पण अप्पांनी ऐकलं.

त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जायचं तर तोंडाला मास्क, हात धुऊन, आणि तेही दोन मिनिटं. बाकी वेळ मी दाराच्या काचेतून बघायची. रोज सकाळी रक्त जायचं, दुपारी कागद यायचा, आणि कागदावर तेच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी देवाचं फारसं न करणारी बाई, पण त्या दिवसांत मी काय मागावं? अप्पांच्या टाचेला पू होऊ दे. सुजू दे, लाल होऊ दे, इतकं ठणकू दे की ते ओरडतील. असलं मागणं कुठल्या देवानं कधी ऐकलं असेल!

अप्पा आत पडल्या पडल्या सिस्टरच्या चुका काढायचे. "पट्टी सैल हाय, बाई. टाचंची पट्टी आठाच्या आकड्यात फिरवायची." सिस्टर हसून परत बांधायची. एकदा मी दोन मिनिटांसाठी आत गेले तेव्हा मला राहवलं नाही.

"अप्पा, मी बरंय म्हटलं होतं."

"म्हटलं हुतं."

"मी रोज हेच शिकवते हो. हेच."

त्यांनी सलाईन नसलेला हात उचलला, पण मला लावायची मनाई होती, म्हणून तसाच धरून ठेवला. "शिकिवणाराचं तसंच आसतंय, माय. तोंड फळ्याकडं, पाठ वर्गाकडं. तू दुसऱ्या घंटीला आलीस नव्हं? मंग झालं तर."

मग त्यांनी विचारलं, पेशीला कळतं कसं, कुठं जायचं ते. त्या मागच्या बाकावरच्या पोरींसारखंच. मी मास्कच्या आडून सांगितलं, रसायनं, दाट-विरळ, भिंतीतली फट. ते डोळे मिटून ऐकत होते. पुढं म्हणाले, "म्हंजी घंटीच की. आन् काटा निघाल्यावर?"

"मग हळूहळू हाक थांबते. थांबली की नव्या पेशी यायच्या बंद होतात. आलेल्या तिथंच मरतात, दुसऱ्या पेशी झाडलोट करतात. सूज उतरते."

"आन् हाक थांबल्यावरबी येतच ऱ्हायल्या तर?"

"मग सूज उतरत नाही, अप्पा. वर्षानुवर्षं राहते."

"हाव," ते म्हणाले. "बघितल्यात मी तसल्याबी." सिस्टरनं मला बाहेर काढलं.

आठव्या का नवव्या दिवशी, मी काचेशी उभी, तर अप्पांचा चेहरा वाकडा झालेला. सिस्टरला हाका मारत मी हात धुतले न धुतले आणि आत घुसले. अप्पांनी डोळे उघडले.

"ठणकायलंय," ते म्हणाले.

"काय?"

"टाच. लई ठणकायलीय." आणि हसले. मग त्यांचा हात हळूच चादरीखाली गेला. मी लेक असल्यानं मान फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. तिथं एका ऑटोवाल्याचं कुणाशी तरी भांडण चाललं होतं, ते मी फार लक्ष देऊन बघितलं. मागून आवाज आला, "आलं गं माय. अवधान आलं."

दुपारचा कागद यायच्या आधी आम्हाला कळलं होतं. पट्टी सोडली तर टाच लालबुंद, सुजलेली, आणि कडेला पिवळट ओल. सिस्टर म्हणाली, "अगं बाई, पू!" आणि मी त्या खोलीत मास्क भिजेपर्यंत रडले. अप्पा तिला म्हणत होते, "टिपून घे, पण दाबू नको. लई लांबून आली माणसं."

त्यानंतर अप्पा दोन वर्षं राहिले. ओटा, पट्ट्या, एक घंटी, सगळं परत सुरू. मी मात्र बदलले होते. घंटी वाजली की शिकवत असले तरी बाहेर यायची. पोरांना म्हणायची, "माझा मिस कॉल आहे, गप बसा." एकदाही उशीर केला नाही. अप्पा उलट वैतागायचे, "वर्ग सोडून आलीस? काम न्हाई का तुला?" आणि मग तासभर बोलायचे.

आणि एवढं सगळं करून गेले कसे? सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या. हृदय थांबलं म्हणाले. शेजारच्या बाई चहा घेऊन आल्या तेव्हा मोबाइल त्यांच्या खिशात होता. मी तो घेऊन बघितला. त्या सकाळी कुणालाच फोन लावलेला नव्हता. एक घंटीसुद्धा दिली नाही हो मला! मला फार राग आला. आजही येतो. दोन वर्षं मी कान टवकारून बसले होते ती कशासाठी?

त्यांचा नंबर मी काढून टाकला नाही. काही दिवस लावला की बंद आहे म्हणून सांगायचे, नंतर अस्तित्वात नाही म्हणून सांगायला लागले. मला ते ऐकायचंच असायचं. रविवारी भाजी निवडताना लावायची, ऐकायची, ठेवायची. हाक थांबली होती आणि मी आपली जातच होते. अप्पांनी विचारलं होतं ना, येतच ऱ्हायल्या तर? तेव्हा पुस्तकातलं उत्तर मीच दिलं होतं, आता अंगावर काढते आहे.

यंदा, परवाच्या रविवारी मी तसाच लावला, आणि पलीकडं घंटी वाजली. खरी घंटी. माझ्या हातातली मेथी खाली पडली आणि मी घाबरून कट केला.

मंगळवारी मी वर्गात होते. सुजेचा धडा. दोन रेघा ओढून झाल्या होत्या, काटा काढून झाला होता, पेशीपासून काट्याकडं बाण काढत होते. टेबलावरचा मोबाइल वाजला. एक घंटी. कट. स्क्रीनवर लिहिलं होतं, अप्पा.

मला सगळं माहीत होतं. कंपनीनं नंबर दुसऱ्याला दिला असणार, आणि आपणच रविवारी मिस कॉल दिला होता, हे मला पक्कं माहीत होतं. पण ते डोक्याला. पाय तोवर दाराबाहेर गेले होते. व्हरांड्यात येऊन मी फोन लावला.

"हॅलो, एवरू?" बाईचा आवाज. मग मराठीत, "कोण बोलायलंय? तुमचाच मिस कॉल व्हता नव्हं ऐतवारी? म्हणून दिली मी घंटी."

देगलूरकडचीच कुणी तरी. मागं कोंबड्या ओरडत होत्या.

"माझ्या वडिलांचा नंबर होता हो हा," मी म्हटलं. "सवयीनं लागला. चुकून. परत नाही लागणार."

तिनं मागच्या कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाली, "लागू द्या की माय, लागला तर. काय व्हतंय?"

मी हो म्हटलं की नाही, मला आठवत नाही. आत आले तर पोरं कधी नव्हे ती गप्प बसलेली. फळ्यावर बाण अर्धाच राहिला होता. मी खडू घेतला आणि तो काट्यापर्यंत नेला.